जंप रॅम्प किती लांब पाहिजे? वखारीत जायच्या आधी करायचा हिशोब

दोन फुटी रॅम्पला लांबी किती ठेवू, हा प्रश्न विचारला की उत्तरं ठरलेली असतात, कोणी म्हणतं चार फूट बास, कोणी सहा, आणि एक तरी काका म्हणतात की आम्ही बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये विटांवर फळी टाकून उडायचो, कसला हिशोब घेऊन बसलात. उडता येतं फळीवरून, नाही कोण म्हणतंय. पण लांबी हा आपण निवडायचा आकडाच नाहीये. आपण निवडायच्या गोष्टी तीन, स्पीड, उंची आणि लिपचा कोन, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेला चाक ज्या कोनात सुटतं तो. या तीन ठरल्या की लांबी आपोआप निघते. आणि सगळे जण टेकऑफच्या लांबीवर तासभर वाद घालतात, पण खरी लांबी लागते लँडिंगला, तिकडे कोणी बघत पण नाही.

खालचं सगळं उदाहरण एमटीबी हार्डटेल सायकलचं आहे, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, मोटरसायकलवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय. जागेचं आधीच सांगून टाकतो, मुंबईत असाल तर नॅशनल पार्कात किंवा आरेच्या झाडीत फावडं घेऊन जाऊ नका. ओळखीच्या माणसाची खाजगी जमीन बघा, कर्जत, बदलापूर, वसई, पनवेल कुठेही, आणि त्यांना नीट विचारून करा.

आधी फळीचं बघू

चार फुटाची फळी दोन फूट उंचीवर टेकवली की कोन होतो ३० अंश. आता एमटीबीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंतचं अंतर, साधारण १.१५ ते १.२५ मीटर, म्हणजे चार फुटांच्याच आसपास. म्हणजे काय होतं बघा, पुढचं चाक फळीच्या टोकावरून सुटतं अगदी त्याच क्षणाला मागचं चाक खालच्या कोपऱ्याला धडकतं, मागचा भाग वर फेकला जातो आणि नाक खाली. लोक म्हणतात बॅलन्स गेला. बॅलन्स कसला, फळीची लांबी आणि व्हीलबेस एक झाले ना.

म्हणून रॅम्प सरळ नको, गोलाईचा हवा, आणि गोलाईची लांबी व्हीलबेसच्या निदान दुप्पट धरा म्हणजे दोन्ही चाकं एकाच वळणावर काही काळ तरी बसतात.

पायरी १: तुमचा खरा स्पीड मोजा

इथे सगळे गंडतात. "मी तीसने जातो" म्हणणारा बहुतेक वेळा बावीसने जात असतो. सायकल कॉम्प्युटर असेल तर ठीकच, नसेल तर मोबाइल पुरतो. जिथे रॅम्प येणार त्याच्या आधीच्या १० मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारा, मित्राला बाजूला लांब उभा करा, सेकंदाला ६० फ्रेमवर व्हिडिओ घ्यायला सांगा. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आल्यापासून दुसऱ्या रेघेवर जाईपर्यंत किती फ्रेम झाल्या ते मोजा आणि २१६० ला त्या आकड्याने भागा, आला स्पीड ताशी किलोमीटरमध्ये. ९० फ्रेम म्हणजे २४. ९४ म्हणजे २३. ८६ म्हणजे २५ च्या जरा वर.

पहिल्या रेघेच्या आधीच पेडल मारणं थांबवा, नाहीतर मधल्या दहा मीटरमध्ये स्पीड वाढत राहतो आणि तुम्हाला मिळते ती सरासरी, रॅम्पच्या तोंडाशी असलेला स्पीड नाही. आणि हे पुन्हा पुन्हा करा, वेगवेगळ्या वेळी, दमलेले असताना पण. आपल्याला एक आकडा नकोय, सर्वात कमी किती आणि सर्वात जास्त किती हे पाहिजे. याचा उपयोग लँडिंगला आहे, तिथे सांगतो.

पुढे मी २४ धरतोय, कारण सपाट जागेवर थोडा रनअप घेऊन बऱ्याच जणांना तो जमतो. टेकाडावरून नुसतं सोडून देऊन २४ पाहिजे असेल तर घर्षण न धरता सव्वादोन मीटर उंचीवरून यावं लागतं, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त ठेवा.

पायरी २: उंची आणि कोनावरून लांबी

सूत्र एकच आहे: जमिनीवरची लांबी = उंची ÷ (लिपच्या कोनाच्या निम्म्याचा टॅन). मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की टॅनचं बटण येतं, फक्त तो डिग्रीवर आहे ना बघा, रेडियनवर असला की भलतंच काहीतरी येतं. नाहीतर हे गुणक पाठ करून टाका. लिप २० अंश असेल तर उंचीच्या ५.६७ पट लांबी, २५ ला ४.५१ पट, ३० ला ३.७३, ३५ ला ३.१७, ४० ला २.७५ आणि ४५ ला २.४१ पट.

नवीन असाल तर ३० च्या वर जाऊ नका. त्यापुढे उडीची लांबी फारशी वाढत नाही, उंची मात्र भराभर वाढते, आणि हवेत काय करायचं हे माहीत असलेल्यांसाठी ते ठीक आहे.

आपलं उदाहरण: उंची दोन फूट म्हणजे ६१ सेमी, कोन ३०. लांबी ६१ × ३.७३ = २२७.५ सेमी, साडेसात फूट. गोलाईचा रेडियस = उंची ÷ (१ − कोनाचा कोसाइन), म्हणजे ६१ ÷ ०.१३४, साधारण ४५५ सेमी, पंधरा फूट. आणि प्लायच्या अंगाने मोजलेली लांबी = रेडियस × कोन × ०.०१७४५ = २३८ सेमी.

आता प्लायची शीट येते ८ बाय ४, म्हणजे २४४ सेमी. अख्खी शीट रॅम्पच्या अंगावर बसते आणि फक्त सहा सेमी कापायला लागतं! म्हणून दोन फूट आणि ३० अंश ही जोडी मला फार आवडते, वखारवाल्याशी डोकं लावायची गरज नाही. व्हीलबेस १.१९ मीटरपर्यंत असेल तर दुप्पटची अट पण पोटात बसते, त्याहून मोठा असेल तर जराशी कमी पडते.

पायरी ३: पाय हा धक्का घेतील का

गोलाईवरून वर जाताना अंगावर जादा वजन येतं. किती, तर स्पीडचा वर्ग (ताशी किमीमध्ये) ÷ (१२७ × रेडियस मीटरमध्ये). हा १२७ कुठून आला विचाराल तर ९.८१ गुणिले १२.९६, म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि किमी-मीटरची अदलाबदल एकत्र. २४ चा वर्ग ५७६, भागिले १२७ × ४.५५, उत्तर बरोबर १. त्यात आपलं नेहमीचं १ मिळवलं की २, म्हणजे रॅम्पच्या पायथ्याशी ७० किलोच्या माणसाला १४० किलो असल्यासारखं वाटणार. हे पायांना झेपतं. अडीचच्या आतबाहेर ठेवलं तर नवीन माणूस पण उभा राहू शकतो असं माझं मत.

आता समजा जागा नाही म्हणून तुम्ही हाच दोन फुटी रॅम्प चार फुटात बसवायचा हट्ट धरला. रेडियस = (उंचीचा वर्ग + लांबीचा वर्ग) ÷ (२ × उंची), म्हणजे (४ + १६) ÷ ४ = ५ फूट, दीड मीटर. लिपचा कोन होतो ५३ अंश, आणि त्याच २४ च्या स्पीडला अंगावर चौपट वजन. गुडघे दुमडणार, छाती हँडलवर जाणार. लांबी निम्मी केली की त्रास निम्म्याने वाढत नाही, रॅम्प पूर्णच वेगळा होऊन जातो.

पायरी ४: किती लांब उडणार

रॅम्प चढताना स्पीड कमी होतो हे बहुतेक जण धरतच नाहीत. लिपवरच्या स्पीडचा वर्ग = सुरुवातीच्या स्पीडचा वर्ग − २५४ × उंची मीटरमध्ये. २४ साठी ५७६ − १५५ = ४२१, म्हणजे लिपवर तुम्ही साडेवीसने असता. मग उडी मीटरमध्ये = हा ४२१ × (दुप्पट कोनाचा साइन) ÷ १२७. तीस अंशाच्या दुप्पट साठ, त्याचा साइन ०.८६६, उत्तर २.८७ मीटर. ही लिपच्याच उंचीवर परत येईपर्यंतची उडी.

आता हेच बाकीच्या स्पीडना करून बघा. २० ला १.६७ मीटर, २२ ला २.२४, २५ ला ३.२०, ३० ला पाच मीटरच्या वर. वीसचे पंचवीस केले, सव्वापट, आणि उडी जवळजवळ दुप्पट. हवेचा अडथळा मी धरला नाहीये, एवढ्या स्पीडला आणि एवढ्या अंतराला तो किरकोळ आहे. लिपवर तुम्ही पाय ताणून उसळी घेतली तर उडी वाढेल, गुडघे सैल सोडून रॅम्प गिळला तर कमी होईल, म्हणून हा आकडा मधला समजा.

पायरी ५: लँडिंग, म्हणजे खरं काम

३१ डिसेंबर १९६७ ला लास वेगासला ईव्हल कनीव्हल हा अमेरिकन स्टंटमन मोटरसायकलवरून सीझर्स पॅलेसचे फवारे ओलांडायला गेला, १४१ फूट उडाला, फवारे ओलांडले पण लँडिंग रॅम्पला जरासा कमी पडला आणि हाडं मोडून हॉस्पिटलात गेला. टेकऑफ झाला होता, हवेतलं पण झालं होतं. म्हणून म्हणतो की डोकं इथे घाला.

पहिलं, सपाट जमिनीवर उतरू नका. वर केलेल्या उदाहरणात २५ च्या स्पीडला उडीचा सर्वात वरचा बिंदू लिपच्या ४६ सेमी वर असतो, म्हणजे जमिनीपासून १०७ सेमी. सपाटीवर उतरलात तर एक मीटरच्या भिंतीवरून सायकलसकट खाली पडल्याइतका दणका. तेच तुम्ही ३० अंशात खाली येताना २५ अंशाच्या उतारावर टेकलात तर दणका दीड सेंटीमीटरवरून पडल्याइतका. आकडा चुकलाय असं वाटेल पण नाही, उताराच्या दिशेने जाणारा वेग जमिनीवर आपटतच नाही, आपटतो फक्त उताराला काटकोनात असलेला.

दुसरं, नवीन असाल तर मधे खड्डा ठेवू नका, टेबलटॉप करा, टेकऑफ आणि लँडिंगच्या मधली जागा भरलेली. कमी पडलात तर वर सपाटीवर टेकाल, दणका बसेल पण चाक भिंतीला आदळणार नाही.

टेबल ८ फुटाचं धरू, २४४ सेमी. त्यापुढे ६१ सेमी उंचीवरून खाली येणारा २५ अंशाचा उतार केला तर त्याची जमिनीवरची लांबी येते १३१ सेमी. छान दिसतो. पण २५ च्या स्पीडने आलेला माणूस लिपपासून ४०४ सेमीवर जमिनीला टेकतो आणि हा उतार संपतो ३७५ वर. म्हणजे अख्खं लँडिंग ओलांडून सपाटीवर! स्पीड ठरवल्यापेक्षा फक्त १ ने जास्त होता.

उतार २० अंशाचा केला तर लांबी होते १६८ सेमी. आता २३ ला तुम्ही टेबलच्या कडेच्या पुढे २६ सेमीवर टेकता, २४ ला ९२ सेमीवर, २५ ला १५४ वर. सगळे उतारावर, पण दोन्ही टोकांना काठावर पास. एका किमीला साठ-पासष्ट सेमीचा फरक पडतोय, आणि सुरुवातीला स्पीडची कमाल-किमान मोजायला सांगितली होती ती याच्यासाठी. तुमचा फरक ४ किमीचा असेल तर १६८ सेमीचं लँडिंग तुम्हाला पुरणार नाही, अडीच-तीन मीटर लागेल.

कसं वाढवायचं? उतार आणखी सपाट केला की लांबी वाढते पण दणका पण वाढतो. खरा उपाय म्हणजे नैसर्गिक उतार असलेली जागा शोधणं, टेकऑफ सपाटीवर आणि लँडिंग जिथून जमीन खाली जायला लागते तिथे. माती कमी लागते आणि लँडिंग हवं तेवढं लांब मिळतं.

ग्राफ पेपरवर काढून बघायचं असेल तर ३० अंशाच्या लिपसाठी: लिपपासूनची उंची = ०.५७७ × अंतर − ८४.७ × अंतराचा वर्ग ÷ लिप-स्पीडचा वर्ग. अंतर मीटरमध्ये. तुमच्या सर्वात कमी, मधल्या आणि सर्वात जास्त स्पीडच्या तीन रेघा काढा आणि मग त्याखाली लँडिंगचा उतार असा बसवा की तिन्ही रेघा त्याच्यावरच येऊन टेकतील. कंटाळा येतो, मान्य आहे, पण दोन ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती हलवण्यापेक्षा कमी.

पायरी ६: प्लाय कापताना

टेकऑफ लाकडी आणि बाकी मातीचं, हे मुंबईकराला सोयीचं पडतं, कारण रॅम्प उचलून आत ठेवता येतो. माल रे रोडला दारूखान्याकडच्या वखारीत बघा किंवा जवळचा प्लायवाला. अंगासाठी ९ एमएमचे दोन थर, एकच १८ एमएम घेऊ नका, तो या गोलाईला वाकायला तयार होत नाही. वरचा थर तरी मरीन, शिक्का आयएस ७१० चा बघून घ्या, साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय, पावसाळ्यात पापडासारखा फुगतो. ८ बाय ४ लिफ्टमध्ये जात नाही हे विसरून वर घरी मागवू नका, काम पार्किंगमध्ये किंवा थेट जागेवर करा, छोटा हत्तीत सगळा माल बसतो.

बाजूच्या दोन कुशी १८ एमएमच्या एकाच शीटमधून निघतात, एकीची उंच बाजू डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे ठेवून. मधली तिसरी बरगडी वेगळ्या शीटमधून, ती लागतेच.

पंधरा फुटांची दोरी घेऊन कंपास फिरवायला जागा कुठे असते आपल्याकडे, म्हणून हे आकडे वापरा. पायथ्यापासून ५० सेमीवर उंची २.८ सेमी, १०० वर ११.१, १५० वर २५.४, २०० वर ४६.३, आणि २२७.५ वर ६१. प्रत्येक ठिकाणी बारीक खिळा मारा, वायरिंगची प्लॅस्टिकची केसिंग पट्टी खिळ्यांना टेकवून वाकवा आणि पेन्सिल फिरवा. सुताराला नुसतं "राउंड काढा" सांगितलं तर तो नजरेने काढेल, आणि सगळा उतार शेवटच्या फुटात येईल.

आडवे बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, दर आठ इंचाला. स्क्रू वापरा, खिळे नको, खिळे वर येतात. पायथ्याशी १८ एमएमची पायरी राहते तिथे रंधा मारून वर पत्रा ठोका. ऑइल पेंटवर ओला असतानाच बारीक वाळू शिंपडा, नाहीतर पहिल्या सरीला चाक घसरेल.

माती किती लागेल

आठ फुटी टेबल आणि १६८ सेमीचं लँडिंग, रुंदी दीड मीटर. बाजूचे उतार आणि ठोकून दबणारी माती धरून दोन ब्रासच्या आत येत नाही, टेकऑफ पण मातीचा केलात तर सव्वादोन. मुरूम चांगला बसतो. वीतभर थर टाका, पाणी मारा, धुमसाने ठोका, मग पुढचा थर. एकदम ढीग ओतून वरून थापटलेलं लँडिंग पहिल्याच पावसात खचतं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये जमिनीत ओल असते तेव्हा खोदाईला सर्वात सोपं.

मोटरसायकलवाल्यांसाठी

वरचा रॅम्प डर्ट बाइकला देऊ नका, दोन कारणं. डर्ट बाइकचा व्हीलबेस दीड मीटरच्या आसपास असतो, म्हणजे दुप्पटची अट बसत नाही, आणि ५० च्या स्पीडला या रेडियसवर अंगावर पाचपटीच्या वर वजन येतं, सस्पेन्शन तळाला लागतं आणि मग मागून उसळतं. अडीचपटीत ठेवायचं तर रेडियस १३ मीटर लागतो. ३० अंशाच्या लिपला म्हणजे उंची पावणेदोन मीटर आणि लांबी साडेसहा मीटर, साडेएकवीस फूट. उडी चढावर गॅस न देता सुद्धा चौदा मीटर. हे प्लायचं काम नाही, जेसीबीचं आहे, आणि लँडिंग पण त्याच हिशोबाने. भाड्याने जेसीबी मागवण्याआधी ज्यांनी ट्रॅक बनवलाय अशा माणसाला जागेवर आणा.

पहिली उडी

फुल-फेस हेल्मेट, गुडघे आणि कोपराचे गार्ड, यावर चर्चा नाही. आधी उडायचंच नाही, हळू चढून टेबलवरून नुसतं चालवत लँडिंगवरून उतरा, रॅम्प हलतोय का, कुरकुरतोय का बघा. मग लँडिंगवर रांगोळीची पांढरी पूड पातळ पसरा. प्रत्येक उडीनंतर मागचं चाक कुठे टेकलं त्याची खूण स्वच्छ दिसते, टेपने मोजा, फ्रेम मोजा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. २२ पर्यंत टेबलवरच टेकाल, तसंच अपेक्षित आहे, घाबरून एकदम जोर लावू नका, एकेका किमीने वाढवा. खुणा हिशोबापेक्षा सारख्या वीस-तीस सेमी पुढे पडत असतील तर तुम्ही लिपवर उसळी घेताय. मागे पडत असतील तर रॅम्प गिळताय किंवा टायरमध्ये हवा कमी आहे. खुणा कुठेही पडत असतील, एकदा इथे एकदा तिथे, तर रॅम्पला हात लावू नका, रनअप सारखा करा. पेडल मारणं कुठे थांबवायचं तिथे एक वीट ठेवा आणि दर वेळी तिथेच थांबवा.

आणि लँडिंगच्या पुढे निदान दहा मीटर मोकळं ठेवा, तिथे व्हिडिओ काढणारा मित्र उभा राहू देऊ नका.